दोन अध्यक्षांचं एक कुलूप

बिबवेवाडीच्या आमच्या बसस्टॉपवर सकाळी ज्या बायका भेटतात, त्यांना आता हवापाण्याच्या गप्पा नको असतात. मी पोचले की पहिला प्रश्न, "सुमन, आज कोणता अध्यक्ष आहे गं?" मी सांगायला लागते, तेवढ्यात बस येते आणि किस्सा अर्धा राहतो. उरलेला उद्या सांगू म्हणावं, तर उद्यापर्यंत ऑफिसात दुसरा शिजलेला असतो. कालच्या भाताला फोडणी घालायलाही सवड नाही. म्हणून एकदाचं सगळं ओळीनं लिहून काढते.

मी चौथी शिकलेली. नवरा ह्याच ऑफिसात शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. ऑफिस सरकारी आहे, मंडईपासून चालत जाता येईल एवढ्यावर. कारागिरांसाठीचं मंडळ. तांबट, बुरूड, ढोल-ताशे दुरुस्त करणारे, अशा हातावर पोट असणाऱ्यांना जागा द्यायची, हत्यारं द्यायची, हे आमचं काम. मंडळाचं पूर्ण नाव लिहीत नाही. नोकरी अजून बाकी आहे.

माझ्या शुद्धलेखनातल्या चुका ज्यांना काढायच्या आहेत, त्यांनी आधी आमच्या ऑफिसातल्या काढाव्यात. मग माझ्याकडे यावं.

* * *

मंडळाला अध्यक्ष असतो आणि तो सरकार नेमतं. कारागिरी येणं ही त्यासाठी अट नाही. मी आल्यापासून एकही अध्यक्ष असा पाहिला नाही, ज्याला सुतळीला धड गाठ मारता येते. अट एकच, निवडणुकीत तिकीट कापलं जायला हवं. घरात एका पोराला लाडू दिला की दुसरं भोकाड पसरतं. मग आपण त्याच्या हातात वाजवायला चमचा देतो. आमचं मंडळ म्हणजे तो चमचा.

जुने अध्यक्ष पेठेतले. तोलूनमापून बोलणार, रुमालानं ओठ टिपणार. त्यांचं तिकीट त्यांच्याच पुढाऱ्याच्या भाच्याला गेलं, म्हणून ते आमच्याकडे आले. पुढे वरची गणितं बदलली आणि सरकारनं त्यांना काढून नवे नेमले. नवे शहरात सामील झालेल्या गावातले. जमिनी बिल्डरला गेल्या, तेव्हापासून गाडीतून उतरायचे ते फक्त सत्काराला. त्यांचंही तिकीट कापलेलं. जुने गेले कोर्टात. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे.

जुने म्हणाले, "जैसे थे म्हणजे मी."

नवे म्हणाले, "पदभार मी कालच घेतलाय. मंग जैसे थे म्हंजे मीच की."

ऑफिस प्रत्यक्षात चालवतात ते कुलथे साहेब, आमचे कार्यकारी अधिकारी. पगारी सरकारी माणूस. अध्यक्ष येतात-जातात, कुलथे साहेब राहतात. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वरून मार्गदर्शन मागवलं आहे."

दुसऱ्या दिवशी दोघंही आले. जुने आधी येऊन खुर्चीत बसले. नव्यांनी पाहुण्यांची खुर्ची ओढत टेबलाला वळसा घातला आणि जुन्यांच्या शेजारी लावली. लग्नाच्या रिसेप्शनला बसल्यासारखे दोघं समोर बघत बसले. कुलथे साहेबांनी मला बाहेर घेऊन कानात सांगितलं, "सुमनताई, चहा दोघांपुढे एकाच वेळी ठेवा. आधी-नंतर नको. अर्थ निघतो."

मी दोन हातांत दोन कप नेले आणि एकदम ठेवले.

जुने म्हणाले, "माझा बिनसाखरेचा ना?"

नवे म्हणाले, "माझा बी बिनसाखरेचा."

साखर एकातच घातलेली नव्हती. मी म्हटलं, "बिनसाखरेचा एकच आहे. आता ह्यासाठी पण कोर्टात जा."

* * *

हे सगळं मी हसत सांगते, पण त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

झरीनाभाभी बसली होती. तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासून त्यांच्या घरात ढोल-ताशे दुरुस्त करतात. ढोलाच्या तोंडावर पान चढवायचं, दोरी ओढून ढोल आवळायचा, हे दिसायला सोपं. ओढून बघा, दोन दिवस हात वर होणार नाही. नवऱ्याचा उजवा हात लकव्यानं गेला, तेव्हापासून सगळं तीच करते. गणपतीत मिरवणुकीतला जो आवाज तुमच्या छातीत बसतो ना, त्यातला बराच तिच्या हातून गेलेला असतो.

ती भाड्यानं बसते तो वाडा पाडायचा ठरलाय, तिथे इमारत येणार. मालक सांगतोय, जागा रिकामी करा. आणि बिबवेवाडीत आमच्या मंडळानं कारागिरांसाठी शेड बांधली आहे. आत गाळे. त्यातला पहिला गाळा भाभीला मिळालेला आहे, हे दोन अध्यक्षांचं भांडण सुरू व्हायच्या आधीच. पंखे लागले, नळाला पाणी आलं, फरशी मी स्वतः जाऊन पुसली. बाहेर कुलूप. चावी माझ्या जुडग्यात. पण द्यायची कधी, तर उद्घाटन झाल्यावर. उद्घाटन कुणाच्या हस्ते, तर अध्यक्षांच्या. आणि अध्यक्ष कोण, ते ठरायचंय.

भाभीचं वर्षभराचं काम गणपतीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत येतं. त्या वेळी बसायला जागा नसेल, तर पथकं दुसरीकडे जातात. एकदा गेलेलं पथक परत येत नाही.

त्या दिवशी कुलथे साहेब बाहेर आल्यावर भाभी उठून उभी राहिली. "साहेब, चावीचं काय?"

"मार्गदर्शन मागवलं आहे."

"ते कधी येतं?"

"तसं सांगता येत नाही."

"गणपतीचं सांगता येतं साहेब," भाभी म्हणाली. "ते तिथीला येतात."

* * *

नव्यांनी एकदा कारागिरांची ओळख करून घ्यायची ठरवली. केबिनमध्ये एक म्हातारे तांबट आले होते. सोबत तांब्याचं घंगाळ. हातोडीनं एकेक ठोका देऊन घडवलेलं, ठोक्याशेजारी ठोका, उन्हात धरलं तर मोहरा मांडल्यासारखं चमकावं असं. नव्यांनी ते हातात घेतलं, खालून-वरून पाहिलं, बोट फिरवलं.

"बाबा," ते म्हणाले, "ह्याला एवढे पोचे आलेत. मंग विकत कोन घेतं?"

तांबटबाबांनी घंगाळ परत घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं. "पोचे नाहीत साहेब," ते म्हणाले. "ते काम आहे."

जुन्यांना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर हसत होते. येईल त्याला सांगायचे. शेवटी मलाच बोलावं लागलं. त्यांनी स्वतः मागे बुरुडाच्या सुपाला, "ट्रे छान आहे, दिवाळीत फराळ द्यायला," म्हटलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय. सूप म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो कारागिरांचा अध्यक्ष. आणि तांब्याचा ठोका ज्याला कळत नाही, तोही कारागिरांचाच अध्यक्ष. हायकोर्टात भांडण काय, तर ह्या दोघांतला जास्त लायक कोण.

* * *

अध्यक्षांच्या केबिनच्या दारावर नावाची पितळी पाटी असते. जुन्यांची होती. नव्यांनी ती काढून आपली लावली. दुसऱ्या दिवशी जुने आले, त्यांनी नव्यांची काढून आपली लावली. दोघांच्या पाट्या निरनिराळ्या मापाच्या. एकाचे स्क्रू कडेला, दुसऱ्याचे मधे. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खणात ठेवलेला. जो येईल तो आधी माझ्याकडे हात पुढे करायचा, नमस्काराऐवजी.

दरवाजा जुन्या साध्या फळीचा, तो किती सोसणार? भोकं पडली, मोठी झाली, मग एकात एक मिळाली. नव्यांनी आणखी लांब स्क्रू आणले. जुन्यांनी वर लावली, नव्यांनी त्याच्याही वर. महिनाभरात दाराची चाळण झाली.

त्याचा फायदाही झाला म्हणा. पूर्वी लोक दार वाजवून अर्धा अर्धा तास उभे राहायचे. आता दार न उघडताच दिसतं, की आत कुणी नाही.

* * *

बैठकीचा दिवस. मंडळाला सदस्यही असतात, तेही नेमलेलेच. जुन्यांनी सकाळी अकराची बैठक बोलावली, केबिनमध्ये. नव्यांनीही सकाळी अकराचीच बोलावली, हॉलमध्ये. माझ्या मनात आलं, आता सदस्यांची पंचाईत. कुणाकडे जातील?

काही पंचाईत झाली नाही. सदस्य दोन्हीकडे गेले. केबिनमध्ये सुरळीच्या वड्या होत्या आणि हॉलमध्ये बटाटेवडे. आधी वड्या, मग वडे, मग पुन्हा केबिनमध्ये कॉफी. दोन्ही बैठकांना पूर्ण हजेरी. केबिनमध्ये जुन्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला, हॉलमध्ये नव्यांच्या. त्याच माणसांनी दोन्हीकडे हात वर केले. हाताला चटणी तेवढी निरनिराळी.

शेडची चावी हा दोन्हीकडे शेवटचा विषय होता. केबिनमध्ये तो विषय आला तेव्हा सगळे हॉलमध्ये वडे खात होते. हॉलमध्ये आला तेव्हा सगळे केबिनमध्ये कॉफी पीत होते. भाभी मधल्या व्हरांड्यात उभी. तिच्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे माणसं जात होती, एकजणही थांबला नाही.

मी बश्या उचलत होते. एक सदस्य मला म्हणाले, "सुमनताई, बटाटेवडे उरलेत का हो?"

मी म्हटलं, "वडे संपले. विषय उरलाय."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गेले.

* * *

ह्यानंतरचा किस्सा सांगताना मला अजून संताप येतो, म्हणून थोडक्यात सांगते.

नव्यांना कुणीतरी सुचवलं की उद्घाटन होत नसेल तर नसू दे, फोटो तर होऊ शकतो. भाभीला बोलावणं गेलं. ती नवी साडी नेसून आली, नवऱ्यालाही घेऊन आली. नवे मला म्हणाले, "ताई, एखादी चावी द्या."

"कोणती?"

"कोन्ती बी. फोटोपुरती."

मी चहा-साखरेच्या कपाटाची दिली. मला वाटलं, आता खरीही देतील, ही नुसती तालीम. नव्यांनी ती भाभीच्या हातावर ठेवली, फोटोग्राफरकडे बघून हसले. फोटो झाला. आणि तिच्या तळहातावरून चावी उचलून त्यांनी मला परत दिली. भाभीचा हात तसाच उघडा राहिला. तिच्या नवऱ्यानं आपल्या डाव्या हातानं तो हळूच मिटला.

जुन्यांना कळलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भाभीला बोलावलं. ती येत नव्हती. मला म्हणाली, "कशाला ताई? हात दाखवायला?" मी तिला म्हटलं, येऊ नकोस. पण कुलथे साहेबांनी तिला फोनवर सांगितलं, दोघांचाही मान राखलेला बरा, पुढे अडचण नको. आली बिचारी. जुन्यांनी थर्माकोलची चावी करून आणली होती, सोनेरी कागद लावलेली, पोर उभं केल्याएवढी. "आमची प्रतीकात्मक आहे," जुने म्हणाले. "फसवणूक नको."

दोघांचे फ्लेक्स लागले. एकाच चौकात, एकाच खांबाच्या दोन बाजूंना. इकडून पाहिलं तरी भाभीला हक्काची जागा मिळाली, तिकडून पाहिलं तरी मिळाली.

भाभीच्या जागामालकानं ते दोन्ही बाजूंनी पाहिले. संध्याकाळी तिच्या दारात आला. "अभिनंदन भाभी," म्हणाला. "आता एवढी मोठी जागा मिळाली, तर माझी खोली सोडा. येत्या सोमवारी मजूर लावतोय."

भाभीनं खूप सांगितलं, चावी मिळालेली नाही, तो नुसता फोटो होता. मालक म्हणाला, "दोन अध्यक्ष खोटं बोलतील, आणि तुम्ही खरं?"

सोमवारी सामान रस्त्यावर आलं. ढोल तिनं बहिणीच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवले. गच्चीवर बसूनच काम करायची, डोक्यावर छत्री बांधून. गणपती जवळ येत होते.

* * *

त्या सोमवारी मी कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चहा न घेता गेले, म्हणून त्यांनी मान वर करून पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, भाभीचं सामान रस्त्यावर आलंय. मला जाऊन शेड उघडून देऊ द्या."

"सुमनताई, बसा."

"बसायला नाही आले. उघडू का?"

"आपण भावनेच्या भरात बोलताय. मला नियमानं जावं लागतं."

"मग मला तो नियम दाखवा. उद्घाटन झाल्याशिवाय कुलूप काढायचं नाही, असं कुठे म्हटलंय ते वाचून दाखवा. मला जोडाक्षरं येतात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तसा नियम नाही. प्रथा आहे."

"कुणी घातली?"

"पूर्वापार."

"शेड ह्या वर्षी बांधली साहेब. तिला पूर्वापार कुठून आलं?"

कुलथे साहेब वाईट माणूस नाहीत. हेच तर वाईट आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. हे असे डोळे मिटून, दुखतंय असा चेहरा करून म्हणाले, "मी एकाच्या हातून उघडलं तर दुसरा माझी बदली करेल. दुसऱ्याच्या हातून उघडलं तर पहिला करेल. माझी मुलगी इथे बारावीला आहे हो."

"आणि भाभीची मुलं काय खडकवासल्याला पोहायला गेलीत?"

मी बाहेर आले. दार मुद्दाम आपटलं. आपटण्यासारखं ऑफिसात तेवढंच एक दार शिल्लक आहे.

* * *

आता शेवटचा. बसस्टॉपवरच्या बायकांनी हा माझ्याकडून इतक्यांदा वदवून घेतलाय, की बस सोडून उभ्या राहतात.

गणपतीच्या तोंडावर दोघांनाही एकदम घाई झाली. नव्यांनी शेडच्या उद्घाटनाची घोषणा केली. जुन्यांनीही केली. दिवस तोच, वेळ तीच. कुलथे साहेबांनी दोघांनाही, "आपण यावं," असं कळवलं आणि स्वतः रजा टाकली. नव्यांनी फोन करून त्यांना रजेवरून उठवून आणलं.

मी सकाळी जाऊन पाहते, तर शेडच्या दारासमोर डावीकडे एक मांडव, उजवीकडे एक. दाराला दोन फिती. जुन्यांनी आधी बांधलेली, नव्यांनी तिच्या वीतभर वर. भिंतीला दोन कोनशिला टेकवलेल्या, दोन्हींवर पडदे. दोन ताटांत दोन कात्र्या. दोन ढोल पथकं, एक ह्यांचं, एक त्यांचं. आणि श्रावणातली भुरभुर चालू. बंदोबस्ताला आलेला हवालदार मला म्हणाला, "मावशी, आत नक्की आहे तरी काय?"

मी म्हटलं, "पंखे."

भाभी लाभार्थी म्हणून मधोमध उभी केलेली. तिच्या हातांत दोन गुच्छ दिलेले, एक ह्यांना द्यायचा, एक त्यांना. खांद्याला तिची हत्यारांची पिशवी. मी विचारलं, "पिशवी कशाला आणली गं?" तर म्हणाली, "सवय आहे."

जुन्यांच्या पथकानं वाजवायला सुरुवात केली. काय वाजले ढोल. मांडवाचे बांबू हलले. नव्यांनी हात वर केला, आणि त्यांचं पथक वाजायला लागलं. थप. थप. थप. ओल्या गादीवर काठी मारावी तसं. जुन्यांच्या मांडवात हशा पिकला. जुन्यांनी रुमालानं ओठ टिपले.

नवे लालबुंद झाले. "आवाज का येईना?"

पथकाची प्रमुख एक मुलगी होती, कॉलेजात जाणारी, कमरेला शेला बांधलेली. ती म्हणाली, "काका, दोऱ्या लूज झाल्यात. सगळ्याच ढोलांच्या. पावसानं."

ते ढोल आदल्याच दिवशी भाभीकडून आवळून आलेले. भाभीनं आवळलेला ढोल विसर्जनाच्या धो-धो पावसातही ढिला पडत नाही, हे पुण्यातलं कुठलंही पथक सांगेल. त्या दिवशी भुरभुरीत पडला.

"मंग आवळा की."

"आम्हाला नाही जमत. भाभींनाच करावं लागेल."

नवे भाभीकडे वळले. "करा की लगीच."

भाभी म्हणाली, "करते साहेब. पण पावसात नाही होणार. वर छप्पर पाहिजे, खाली कोरडी सपाट फरशी पाहिजे."

नव्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही मांडवांत चिखल. मग शेडकडे पाहिलं. "चावी कुनाकडंय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"उघडा."

कुलथे साहेब पुढे आले. "साहेब, पण उद्घाटन अजून..."

"अहो, उद्घाटनाचं बगू मागनं. त्यांचा आवाज ऐकू येतोय का न्हाई तुमाला?"

भाभीनं दोन्ही गुच्छ कुलथे साहेबांच्या हातांत दिले. "जरा धरा साहेब."

मी कुलूप काढलं. पोरंपोरी एकेक ढोल घेऊन आत घुसली. ढोल केवढा असतो, माहितीये ना. दोन्ही फिती पहिल्याच ढोलात अडकल्या आणि तुटून त्याच्याबरोबर आत गेल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. जुन्यांचं पथक अजून वाजवत होतं. मग त्यांच्यातला एक पोरगा त्या मुलीशी जाऊन काहीतरी कुजबुजला, आणि बघता बघता त्यांचेही ढोल थप थप करायला लागले. एक एक करून तेही आत.

बाहेर एकदम शांत झालं. दोन मांडव, दोन कोनशिला, दोन अध्यक्ष. आतून फक्त दोरी ओढल्याचा आवाज.

दहा-पंधरा मिनिटं गेली. मग दोघांनाही एकदमच सुचलं, की दार उघडंय, आत माणसं आहेत आणि आपण बाहेर आहोत. दोघांनी ताटातल्या कात्र्या उचलल्या आणि दोघंही दाराकडे निघाले. जुने भरभर, नवे त्यांच्याहून भरभर. फोटोग्राफर मागे. दारात दोघंही खांद्याला खांदा लावून अडकले.

आत सगळ्या फरशीवर ढोल मांडलेले. मधे भाभी बसलेली, एका ढोलाला पाय लावायच्या आधी तिनं त्याला नमस्कार केला, मग पाय टेकवून दोरी खेचली. वर पंखा फिरत होता. तिचा नवरा कोपऱ्यात डाव्या हातानं दोरीचं वेटोळं करत होता. तो कधी आला, मला माहीत नाही.

भाभीनं वर पाहिलं नाही.

"आत यायचं असेल तर चपला बाहेर काढा," ती म्हणाली.

जुन्यांच्या पायात कोल्हापुरी होत्या. ते सटकन काढून आत गेले. नव्यांचे बूट होते, लेसचे. कुलथे साहेब दोन्ही गुच्छ काखेत धरून खाली वाकले आणि त्यांच्या लेसची गाठ सोडायला लागले.